कुंकू लागलेले दहा डबे

भरलेली फिल्म, म्हणजे जिच्यावर चित्र घेऊन झालं ती, आणि कोरी फिल्म, दोन्हीचं वजन सारखंच असते. डबा हातात घेऊन हलवा, कानाशी धरा, तागडीत टाका, काही समजत नाई. उघडून पाहावं म्हटलं तर उजेड लागला की दोन्ही मेल्या. म्हणजे ज्या डब्यात एका माणसाचं अख्खं गाणं आहे तो डबा, आणि ज्यात काहीच नाई तो डबा, हे जुळ्या भावासारखे. मले ह्या गोष्टीचं तेव्हाही नवल वाटे, आजही वाटते. ह्याच नवलापायी मी हे लिहून राह्यलो. दिवाळी अंकवाल्यांनी सांगितलं, तुमच्या कामाबद्दल लिहा. मी तिसरी शिकलेला माणूस. माझ्या कामाबद्दल लिहायचं म्हणजे एका दसऱ्याबद्दल लिहावं लागते, आणि ते लिहायचं म्हणजे मी एक खोटं बोललो होतो ते कबूल करावं लागते. तर करतो.

मी मालेगावचा. आमचं मालेगाव म्हणजे वाशीमच्या रस्त्यावरचं मालेगाव जहांगीर, नाशिककडचं नाई. सत्तर सालानंतरच्या काळातली गोष्ट आहे. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. जातीनं आमी शिंपी, पण माझे डोळे मशीनवर लवकर पाणी गाळत, म्हणून बापानं मले बसस्टँडजवळच्या फोटो स्टुडिओत अंधारखोलीत लावून दिलं. तिथं लाल दिव्याखाली कागद धुवायचा. फोटो काढे मालक. फोटो जपणं माझ्याकडे.

जपणं म्हणजे काय, ते सांगतो. गिऱ्हाइकाले आपण देतो तो फोटो. तो नक्कल आहे. असल म्हणजे निगेटिव्ह, ते आपल्याकडे राह्यते. काळं असते, उलटं असते, माणसाचे दात काळे आणि केस पांढरे. गावातले लोक ते पाहून घाबरत. मालकांनी मले पहिल्याच दिवशी सांगितलं, नक्कल फाटली तर दुसरी काढू, असल फाटलं तर तो माणूस गेला.

ह्याचा अर्थ मले एका गिऱ्हाइकानं शिकवला. एका घरातल्या सहा जणांचा फोटो काढला होता. वर्षभरात दोन भावांत शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण झालं. मोठा भाऊ स्टुडिओत आला.

“ह्या फोटोतून धाकल्याले काढून टाका.”

“काढतो,” मालक म्हणाले, “पण मधात खड्डा दिसन.”

“दिसू द्या. खड्डा बरा.”

आमी कागदाच्या नकलेवर कारागिरी केली, धाकल्याच्या जागी कुंडी ठेवली. निगेटिव्हले हात लावला नाई. दोन वर्षांनी धाकल्याच्या पोरीचं लग्न जमलं, घर एक झालं. मोठा परत आला, खाली मान घालून उभा.

“ते कुंडी काढता येते का हो?”

“कुंडी नवीन नकलेत येणारच नाई,” मी म्हटलं. “तुमचा भाऊ आमच्या डब्यात होताच. तो कुठी गेला होता?”

त्यानं लगेच नवीन नक्कल काढायले सांगितली. काटछाट करायची ती नकलेवर, असल जसंच्या तसं ठेवायचं. सगळा धंदा ह्या एका वाक्यात आहे. सिनेमाचाही.

सिनेमा माझ्या वाट्याले कसा आला? पुण्याकडून एक बाई आल्या, मालतीबाई. वय तिशीचं, सुती साडी, पायात टायरच्या चपला. मानोऱ्याकडच्या बंजारा तांड्यांतल्या बायांच्या भरतकामावर त्यांले छोटा सिनेमा करायचा होता. संगं एक कॅमेरावाले, हिंदी बोलणारे; आमी त्यांले कॅमेरासाहेबच म्हणत असू. त्यांचा मदतनीस कावीळ होऊन परत गेला. ज्याले अंधारात कॅमेऱ्यात फिल्म भरता येते असा माणूस पाहिजे म्हणून ते स्टुडिओत आले. मालकांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

फिल्म भरायची असते काळ्या पिशवीत. दुहेरी कापडाची पिशवी, दोन बाह्या असलेली, जणू शर्टच उलटा शिवला आहे. आत डबा, आत कॅमेऱ्याची पेटी, बाह्यांतून हात घालायचे आणि डोळे कुठीही ठेवून बोटांनी काम करायचं. पहिल्या दिवशी कॅमेरासाहेबांनी मले रद्दी फिल्म देऊन पन्नास डाव भरायले लावली. मी आभाळाकडे पाहत भरत होतो. ते म्हणाले, “तेरी आँखें किधर हैं?” मी म्हटलं, “साब, आँखों का क्या काम है इसमें?” ते हसले आणि मी कामाले लागलो.

एक पुरा डबा अकरा मिनिटं चाले. बाईंजवळ डबे मोजके. कोरी फिल्म तेव्हा परवान्यावर मिळे. मोठ्या कंपन्यांची उरलेली फिल्म बाईंनी मुंबईत मागून आणली होती, जुन्याच डब्यांत, जुन्याच पट्ट्या लावून. त्यामुळं कंपनीचं सील पाहून कोरा डबा ओळखावा, अशी सोय नव्हती. कॅमेरासाहेब म्हणाले, भरलेल्या डब्यावर पट्टी लावून नंबर लिही. मी हो म्हटलं. दोन दिवस लिहिलेही. पण ऑक्टोबरची गरमी, पट्टी घामानं सुटे, पेन्सिल उमटेना. मग मी माझी अक्कल चालवली. तेलात कालवलेल्या कुंकवाचं एक बोट भरलेल्या डब्याच्या झाकणावर लावलं. ते पुसत नाई, सुटत नाई, दुरून दिसते. मले वाटलं, मी मोठा शोध लावला.

कॅमेरासाहेबांले हे सांगितलं नाई. घरीही सांगितलं नाई.

डबे राह्यत माझ्या घरी. आमची मागची खोली मातीची, जाड भिंतीची, थंड. बाई आणि साहेब वाशीमले उतरत, तिथं पत्र्याखाली फिल्म भाजून निघाली असती. म्हणून ती जोखीम माझ्याकडे.

तांड्यावर सोनीबाई नावाची म्हातारी होती. डोळ्यांत फूल पडलेलं, पण काच भरायले बसली की बोटं अशी चालत की पाहणाऱ्याचे डोळे थकावे. आरसा कापडावर ठेवे, अंगठ्यानं दाबे, आणि सुई त्याच्या भोवतीनं फिरे. संगं आपल्या बोलीत गाणं म्हणे. बाई दहा दिवस तिच्या मागं होत्या. सोनीबाई म्हणे, “कायले? माह्या हाताचे फोटो काढून तुले काय मियते?” शेवटी तयार झाली, पण एका अटीवर.

“एक डाव बसन. दुसऱ्या डावाले म्हनशीन तं मी नाई. दसरा झाला का आमचा तांडा ऊसतोडीले जाते. मले लेकरं सांभायाची हायेत तठी.”

खरंच तसं होतं. दसरा झाला की ट्रक यायचे, अख्खा तांडा पश्चिमेकडे उसाले जायचा, उन्हाळ्यातच परतायचा. म्हणजे सोनीबाईची फिल्म एकदाच.

ती बसली. पाच-साडेपाच मिनिटं झाली असतील, मध्येच सुई थांबली. “बस,” म्हणाली, उठली, घागरा झाडला आणि गेली. बाईंनी हातानं खूण केली, कॅमेरा बंद. फिल्म अर्धी राह्यली. बाई म्हणाल्या, “हा अर्धा भाग इथंच कापून वेगळा ठेवा. याच्यावर दुसरं काही घ्यायचं नाही. उरलेली अर्धी फिल्म तांडा निघताना वापरू.”

मी काळ्या पिशवीत हात घातले, अंदाजानं फिल्म मधात कापली. कापताना दोन्ही बाजूंची रिळं मधल्या चकतीवरून निसटली. मी ती हातानं गुंडाळून पुन्हा घट्ट केली, दोन डब्यांत टाकली. एकात सोनीबाई, एकात कोरी. सोनीबाईच्या डब्यावर कुंकू लावलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी माझ्या घरी दहा डबे होते. सात पुरे भरलेले, एक सोनीबाईचा अर्धा, एक पुरा कोरा आणि एक अर्धा कोरा. कुंकू आठांवर. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तांडा निघणार होता, आणि बाई-साहेब डबे न्यायले येणार होते.

आता वच्छलाबद्दल सांगतो. वच्छला माझी बायको. शिंप्याचीच पोरगी. आमच्या घरात मशीन चालवे ती. झंपर, पोलकी, गोधड्या. अर्ध्या गावाच्या बायांचं माप तिच्या डोक्यात. बोलायले कमी, पण बोलली की समोरच्यानं बसूनच घ्यावं.

दसऱ्याले आमच्याकडे हत्यारं पुजतात. शिंप्यानं कात्री-मशीन, सुतारानं रंधा, डायव्हरनं गाडी. मी सकाळी झेंडूची फुलं आणायले बाजारात गेलो. आलो तर मागच्या खोलीत पाट मांडलेला. त्यावर तिची कात्री, गज, मशीनचं चाक धुऊन-पुसून. त्याच्या बाजूले काळी पिशवी घडी करून. आणि त्याच्यापुढं दहाही डबे ओळीनं, आणि दहाही डब्यांवर ताजं हळद-कुंकू. जिथं आधीचं बोट होतं तिथं त्याच्यावरच दुसरं. तेलाचं कुंकू. ठसठशीत.

माझ्या हातातली फुलं खाली पडली.

“हे काय केलं वं?”

“पूजा. दसरा हाये ना आज.”

“डब्यायले कायले कुंकू लावलं?”

“मंग? तुमचं हत्यार नाई का ते? कात्रीले लावते, त्याले नाई लावू? आधीच लावलेलं होतं काही काहीले. मले वाटलं तुमी सुरुवात केली आन् अर्धी सोडून बाजारात गेले.”

मी तिले काय बोललो ते इथं लिहित नाई. सणाच्या दिवशी, शेजारी ऐकेल इतक्या आवाजात बोललो. ती पदराले हात पुसत उभी राह्यली. माझं संपल्यावर म्हणाली, “कुंकू लावलं म्हंजे भरलेला, हे तुमी मले सांगतलं होतं का?”

सांगितलं नव्हतं. मले वाटे, धंद्यातल्या गोष्टी बाईमाणसाले काय सांगायच्या.

आता काय झालं होतं ते समजा. दहा डबे, एका रंगाचे; आठ पुरे एका वजनाचे, दोन अर्धे एका वजनाचे. त्यातला भरलेला डबा कोरा समजून कॅमेऱ्यात घातला तर एका चित्रावर दुसरं चित्र बसते, दोन्ही नासतात. सोनीबाईच्या गाण्यावर ट्रक धावले असते. आणि सोनीबाई उद्या सकाळी जाणार. आणि मले कोण पुन्हा कामावर ठेवन?

मी काळी पिशवी पाटावरून उचलली. एक डबा आत घातला, बाह्यांत हात घातले. हातांले घाम. फिल्मेले घाम लागला की डाग पडतो. मी हात बाहेर काढले, पुसले, पुन्हा घातले. पुन्हा घाम.

“सरका,” वच्छला म्हणाली.

“तुले काय समजते ह्यातलं?”

“काई समजत नाई. पन माह्ये हात कोरडे हायेत. काय हुडकाचं ते सांगा.”

मी सांगितलं. कोरी फिल्म कारखान्यात मशीनवर गुंडाळलेली असते, घट्ट. भरलेली आमच्या जुन्या कॅमेऱ्यातून फिरून आलेली असते, जराशी ढिली. बस, एवढंच मले माहीत होतं.

“रिळावरचा दोरा,” ती म्हणाली. “कारखान्यातला आन् घरी बॉबिनवर भरलेला. ते तं मले आंधळी असली तरी समजन.”

तिनं हात धुतले, कोरड्या फडक्यानं पुसले, बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या आणि बाह्यांत हात घातले. तिनं माझ्यासारखं आभाळाकडे पाह्यलं नाई. डोळे मिटले. टोक चाचपलं. मग म्हणाली, “हे ढिलं हाये. झाकण लावते. दुसरं द्या.”

चौथ्या डब्याले ती थांबली.

“आवो, ह्याच्या टोकाले घडी काहून हाये?”

“कसली घडी?”

“बाहेरचं टोक. दुमडल्यावानी हाये. आधीच्या तिघायलेही होती. मले वाटलं तुमीच करता खूण म्हनून.”

मी कधीच केली नव्हती. मी विचारात पडलो, आणि विचार करता करता मले इतका आनंद झाला की मी भांडण विसरलो. फिल्म कोरी असताना तिचं आतलं टोक मधल्या चकतीच्या फटीत दुमडून खोचलेलं असते. ती कॅमेऱ्यातून एका चकतीवरून दुसरीवर जाते तेव्हा आधी जे आत होतं ते शेवटी बाहेर येते, घडीसकट. म्हणजे बाहेरच्या टोकाले घडी असली तर फिल्म चालून आली. घडी नसली तर चालली नाई. हे कॅमेरासाहेबांनी मले शिकवलं नव्हतं. त्यांले माहीत होतं का नाई, तेही मले माहीत नाई. हे एका शिंपिणीच्या बोटांनी पिशवीत हुडकलं.

मग काम झपाट्यानं झालं. सात डबे ढिले, सातांले घडी. एक पुरा डबा घट्ट, टोक सरळ: तो कोरा. मी वेगळा ठेवला. राह्यले दोन, अर्धे-अर्धे.

तिनं एक पाह्यला. दुसरा पाह्यला. पुन्हा पहिला. तिच्या कपाळाले आठ्या पडल्या.

“हे नाई सांगता येत मले.”

“कसं नाई येत? घडी पाहा.”

“दोघायले घडी नाई. दोघंबी घट्ट. दोघंबी सारखे.”

आणि ते बरोबर होतं. ती घट्ट केली होती मीच, माझ्या हातानं. टोकं मीच कापली होती, सरळ. एकात सोनीबाई आणि एकात काही नाई, आणि मी ओळखीच्या सगळ्या खुणा स्वतः पुसून ठेवल्या होत्या.

“तो डाव्या अंगाचा कोरा आहे,” मी म्हटलं. “मले आठवते. झाकणावर पोचा आहे त्याच्या. कोरा मी पोच्याच्या डब्यात टाकला होता.”

“पक्कं?”

“पक्कं.”

“लेकराची शपथ घ्याल?”

मी वाकून तो पोचा पुन्हा पाह्यला.

“मंग दोन्ही भरलेले समजा,” ती म्हणाली. “जे समजत नाई ते भरलेलं समजाचं. रिकामं समजून भरलं आन् ते भरलेलंच निंघालं तं?”

“अन् उद्या तांडा निघताना काय दाखवायचं? ह्या अर्ध्या फिल्मेवरच तो घ्यायचा आहे!”

“तांडा पुढच्या साली बी जाईन. ते म्हातारी पुढच्या साली बसन का?”

मी तिच्या हातातून डबा ओढला. तिनं सोडला नाई. दोघं दसऱ्याच्या दिवशी एका पत्र्याच्या डब्याले दोन्हीकडून धरून उभे. शेवटी तिनं त्याच्यावर पट्टी लावली, सातांच्या ढिगावर ठेवला, दुसराही ठेवला, आणि चूल पेटवायले गेली.

आज मले कोणी धंद्यातला माणूस विचारन, की अरे येड्या, टोकाचा वीतभर तुकडा कापून स्टुडिओत धुवून पाह्यला असता तर लगेच समजलं असतं. खरं आहे. मालक स्टुडिओची चाबी घेऊन गावाले गेले होते, हे मी सांगू शकतो. पण खरं कारण ते नाई. मले ते सुचलं आठ दिवसांनी, आंघोळ करताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आणि कॅमेरासाहेब जीप घेऊन आले. मी नऊ डबे भरलेले म्हणून दाखवले आणि एक कोरा. कॅमेरासाहेबांनी वही पाह्यली. “दो कोरे होने चाहिए. एक पूरा, एक आधा.”

मी सांगितलं. माझ्या शब्दांत लिहितो, कारण ते शब्द मले पाठ आहेत. “साब, घर में पूजा हुई. औरत ने सब डब्बों को कुंकू लगा दिया, निशान मिट गए. मैंने थैली में हाथ डालके एक-एक पहचाना. दो में शक है. और मेरा उसूल है, शक हो तो डब्बा भरा समझो.”

कॅमेरासाहेबांनी विचारलं, कैसे पहचाना; मी घडीचं सांगितलं, मी हुडकलं म्हणून. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. बाई म्हणाल्या, “तुमच्यासारखा माणूस पुण्यातसुद्धा मिळायचा नाही.” वच्छला दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं चहा दिला. कप परत घेतले. आत गेली.

तांडा निघाला तेव्हा एका कोऱ्या डब्यावर जेवढं बसलं तेवढं घेतलं. सामान चढलं, बैल सोडले, पहिला ट्रक हलला, दुसरा हलला, आणि कॅमेऱ्यातून खट्‌ आवाज आला. फिल्म संपली. शेवटच्या ट्रकात बाया आणि लेकरं होती, मागच्या फळीले टेकून बसलेली, सोनीबाई त्यांच्यात. तो ट्रक आमच्या डोळ्यांसमोरून गेला आणि फिल्मेत आलाच नाई. बाई हात कपाळाले लावून धुळीत उभ्या राह्यल्या. अर्धा डबा असता तर आला असता.

भरलेले डबे मुंबईले दोन खेपांनी पाठवले, एका गाडीनं सगळे नाई. एक खेप हरवली तर दुसरी राह्यली पाहिजे. महिन्यानं बाईंचं पत्र आलं, मालकांनी वाचून दाखवलं. अर्ध्या डब्यांतला एक धुतल्यावर कोरा निघाला. दुसऱ्यात सोनीबाई होती, पुरी, स्वच्छ. आणि पोचा होता तो सोनीबाईचा डबा. मले जो कोरा म्हणून पक्का आठवत होता, तो.

पत्र ऐकून मी घरी गेलो. वच्छला मशीनवर होती. मी सांगितलं. ती म्हणाली, “बरं झालं,” आणि पाय मारत राह्यली. मी तिथं एक शब्द जास्त बोलायले पाहिजे होता.

त्या एका गोष्टीनं माझं नाव झालं. नंतरची दहा-बारा वर्षं वऱ्हाडात कोणीही शूटिंगले आलं की त्यांले सांगत, मालेगावात एक माणूस आहे, डबे त्याच्याकडे द्या. पोहरादेवीची यात्रा घ्यायले आलेल्या लोकांनी मले निरोप धाडून बोलावलं. एका ठिकाणी तर एक अनोळखी पोरगा दुसऱ्याले माझं वाक्य माझ्याच नावानं सांगताना मी ऐकलं: शंका असेल तर डबा भरलेला समज. मी मिशीत हसलो. घरी येऊन तिले सांगितलं. ती म्हणाली, “उसूल म्हंते का त्याले? मले वाटलं ते भांडण होतं.”

उन्हाळ्यात तांडा परत आला तेव्हा बाई सिनेमा घेऊन आल्या. तांड्याच्या मधल्या मैदानात दोन बल्ल्या रोवून पांढरं धोतर ताणलं. जीपवर आणलेल्या जनरेटरच्या विजेवर सिनेमाचं मशीन चालवलं. दिवेलागणीले आजूबाजूच्या वस्त्यांतले लोकही जमले. मी वच्छलाले संगं नेलं होतं. उतरल्यावर तिले म्हटलं, “तू बाया बसल्या तिकडे बस, मले मशीनपाशी काम आहे.”

सोनीबाई सगळ्यात पुढं. तिले थोडंच दिसे, तरी ती पडद्याच्या चार हातांवर बसली. स्वतःची बोटं एवढी मोठी पाहून ती हसली नाई, रडली नाई. मध्येच ओरडली, “थांबव! थांबव!”

बाई धावल्या. “काय झालं आजी?”

“तो टाका पाह्य. तिसऱ्या काचाचा. चुकला तठी. म्हनूनच उठली होती मी. काढून टाक तेवढं.”

आमाले तेव्हा समजलं ती मध्येच काहून उठली होती. बाई म्हणाल्या, “काढते. तेवढा भाग कापून टाकते.”

“टाकशीन नक्की?”

“सिनेमातून नक्की. पण मूळ फिल्मला आम्ही कात्री लावत नाही. ती डब्यात अख्खी राहील.”

“म्हंजे चूक राह्यनच?”

“डब्यात राहील.”

“चूक कायले जपून ठेवता बाप्पा?” सोनीबाई म्हणाली, आणि लोक हसले. बाईंनी मशीन पुन्हा सुरू करायले सांगितलं.

सिनेमा संपल्यावर बाईंनी मले पुढं बोलावलं. सगळ्यांदेखत सांगितलं की ह्या माणसामुळं सोनीबाईंचं काम वाचलं, आणि माझं वाक्य म्हणून दाखवलं. टाळ्या पडल्या. मी बायांच्या घोळक्यात वच्छलाले पाहायचा प्रयत्न केला, पण पडद्यापलीकडे अंधार होता. मले वाटलं, आता ती बोलन. सांगन लोकांले. बोलली असती तर बरं झालं असतं. मी नाकारलं नसतं, देवाशपथ.

परत येताना जीपमध्ये मागं आमी दोघंच होतो. मी वाट पाहत होतो, ती टोमणा मारन म्हणून. बराच रस्ता गेल्यावर ती म्हणाली, “एक इचारू?”

“विचार.”

“ते सोनीबाई डावखुरी हाये का वो?”

“काहून?”

“डाव्या हातानं सुई चालवत होती. मी नीट पाह्यलं. आरसा उजव्या अंगठ्यानं दाबे आन् सुई डाव्या हातात. इतका बारीक टाका डाव्या हातानं कसा येते, मले समजूनच नाई राह्यलं.”

सोनीबाई डावखुरी नव्हती. मी तिच्या समोर बसून ते पाह्यलं होतं. मग माझ्या ध्यानात आलं. समोर जागा पुरली नाई तेव्हा बाहेरगावच्या बाया पडद्याच्या मागल्या अंगाले बसल्या होत्या. पातळ धोतर, मागूनही चित्र दिसते, पण उलटं. उजव्याचं डावं. तिनं अख्खा सिनेमा मागून पाह्यला होता. तिच्या बोटांनी वाचलेला सिनेमा. आणि तिले तिकडं बसायले मी पाठवलं होतं.

हे सांगितलं तर, तुले समोर काहून बसवलं नाई, हेही सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, “असन डावखुरी.”

तिनं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी काम आटोपल्यावर ती एक चिंधी आणि फुटक्या आरशाचा तुकडा घेऊन दारात बसली, आणि डाव्या हातानं काच भरून पाहू लागली. सुई बोटात घुसे, टाका वाकडा जाई, ती उकलून पुन्हा घाले. चार-पाच दिवस तिनं तसंच केलं. शेजारणीले सांगे, “तांड्यातली म्हातारी करते, मंग मले काहून नाई येत?” मी समोर बसून चहा पीत पाहत होतो. तेव्हाही बोललो नाई.

यंदा चैत्रात वच्छला गेली.